पारखून घेतलेला जीवाणू

निरोगी माणसाला हेतुपुरस्सर रोग द्यावा, ही कल्पना प्रथमदर्शनी क्रूर वाटते. परंतु विषमज्वर हा निसर्गतः केवळ मनुष्यालाच होणारा रोग असल्यामुळे, आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचे यथार्थ ज्ञान होत नसल्यामुळे, परिणामांची पूर्ण जाणीव असलेल्या प्रौढ स्वयंसेवकांना वैद्यकीय देखरेखीखाली नियंत्रित संसर्ग देण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी अवलंबिली. तिची सारी भिस्त द्यावयाच्या जीवाणूच्या निवडीवर असते.

वाण असा हवा की, ज्याने रोग खरा व्हावा, पण नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो खात्रीने बरा व्हावा. ज्याचे कूळ, जनुकीय रचना आणि पूर्वेतिहास दफ्तरी नोंदलेला असावा. आणि शुद्धतेची खातरजमा होऊन ज्याचा साठा अतिशीत अवस्थेत जतन केलेला असावा.

1958 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका दीर्घकालीन रोगवाहकाच्या पित्ताशयातून मिळालेला ‘क्वेल्स’ हा वाण या कसोट्यांना उतरला. मेरीलंडच्या तुरुंगातील कैद्यांवर त्याचे प्रयोग झाले. परंतु बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न बळावला आणि तुरुंगांतील असे संशोधन बंद पडले. एकविसाव्या शतकात ऑक्सफर्डने तोच वाण नव्या नियमांनिशी हाती घेतला. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनविलेली संयुग्मित लस त्यावर पारखली गेली, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, रोगाची व्याख्या जशी घ्यावी त्याप्रमाणे, तिची परिणामकारकता सुमारे 55 किंवा 87 टक्के ठरली. पुढे नेपाळ, मलावी व बांगलादेश येथील बालकांत ती सुमारे 80 टक्के वा किंचित अधिक आढळली. म्हणजे त्या जुन्या वाणाने दिलेली साक्ष बहुतांशी खरी ठरली. 2018 साली नवी मुंबई महानगरपालिकेने हीच लस मुलांना देण्याची मोहीम काढली.

तथापि दक्षिण आशियात आज प्रबळ असलेले ‘एच-58’ हे कूळ क्वेल्सहून भिन्न आहे, आणि त्याच्या काही शाखा अनेक औषधांना दाद देत नाहीत. अशी औषधरोधी शाखा स्वयंसेवकाला देणे अनुचित होय. पण सहा दशकांपूर्वीच्या परदेशी वाणावरच सदैव विसंबणेही योग्य नव्हे. रोगग्रस्त प्रदेशातूनच अलीकडचा, औषधांना वश होणारा वाण शोधावा, आणि त्याला मंजुरी देणाऱ्या समितीत त्या प्रदेशातील वैद्य व नागरिक यांना अधिकाराचे स्थान असावे. ज्यांच्या मुलांसाठी लस घडवावयाची, त्यांना या निवडीत वाटा देणे हे शास्त्राचे कर्तव्यच आहे.