फिजिक्सच्या पोरानं नाटक का शिकायचं?

मुलाला अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळाला की घरात पहिला खटका उडतो तो ‘जनरल एज्युकेशन’च्या अटींवरून. एवढी फी भरायची ती कॉम्प्युटर सायन्ससाठी. मग समाजशास्त्र आणि नाटक कशाला? अर्धा वेळ यातच जाणार, असा बहुतेक पालकांचा समज असतो. कॉलेजचं माहितीपत्रक आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलं की तो फार टिकत नाही.

मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज घेऊ. तिथे चार वर्षांत ३२ कोर्स करायचे. जानेवारीतले छोटे ‘विंटर स्टडी’ वेगळे. विषयांचे गट तीन: भाषा व कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान व गणित. प्रत्येक गटातून किमान तीन, म्हणजे एकूण नऊ कोर्स घ्यावे लागतात. पण फिजिक्समध्ये मेजर, म्हणजे मुख्य विषय, करणाऱ्याला फिजिक्स आणि गणित घ्यावंच लागतं, त्यामुळे विज्ञान गटातले तीन त्यातच भागतात. उरले सहा. बत्तीसपैकी सहा! लेखन, संख्यात्मक विचार अशा आणखी काही अटी आहेत, पण त्यांसाठी बहुधा वेगळा कोर्स शोधावा लागत नाही. इतिहासाचा भरपूर लेखन करून घेणारा एक कोर्स सामाजिक शास्त्रांच्या खात्यातही धरला जातो आणि लेखनाच्याही. मेजरला किमान नऊ कोर्स लागतात, काही विज्ञान विषयांना त्याहून जास्त. तरीही दहाहून जास्त कोर्स मोकळे राहतात आणि त्यांत आणखी फिजिक्स घ्यायला कुणाची ना नसते. वेळ जातोच असं म्हणायचं असेल, तर तो सक्तीपेक्षा या मोकळ्या जागेत जास्त जातो, आणि ती जागा विद्यार्थी स्वतः भरतो.

अटी सगळीकडे सारख्याच असतात, हाही असाच एक समज. विल्यम्सच्याच राज्यातल्या ॲमहर्स्ट कॉलेजात पहिल्या वर्षाचा एक सेमिनार आणि मेजर, एवढीच सक्ती. आयोवातल्या ग्रिनेलमध्येही पहिल्या सत्रातलं एक ट्युटोरियल सोडलं तर गटवार कोटा नाही. ओरेगॉनमधल्या रीड कॉलेजात मात्र नव्या विद्यार्थ्यांना मानव्यविद्येचा वर्षभराचा एक सामायिक कोर्स चुकत नाही. आणि दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स कॉलेज. अ‍ॅनापोलिस आणि सँटा फे अशा दोन्ही ठिकाणी १९३७ साली आखलेला अभ्यासक्रम चालतो. तिथे मेजर हा प्रकारच नाही. सगळ्यांना जवळजवळ सगळं सारखंच. प्लेटो आहे, तशी चार वर्षं गणित आणि तीन वर्षं प्रयोगशाळाही आहे. पहिल्या वर्षी युक्लिडची प्रमेयं मुलं स्वतः फळ्यावर सिद्ध करून दाखवतात. आपल्याकडच्या ‘आर्ट्सला गेला म्हणजे गणित सुटलं’ या हिशेबात हे कॉलेज बसवायचं कुठे?

विज्ञानात पुढे जायचं असेल तर ही कॉलेजं नकोत, असंही ऐकू येतं. १९८९ सालचे दोन नोबेल पाहा. रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे एक मानकरी थॉमस चेक हे ग्रिनेलचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचे एक मानकरी हॅरल्ड व्हार्मस यांनी ॲमहर्स्टमधून पदवी घेतली होती ती इंग्रजी साहित्याची. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण दार बंद आहे हा दावा मात्र त्यांच्यामुळे उरत नाही.

सगळ्या गटांतून कोर्स घ्यायची ही पद्धत फार पुरातन आहे, असं तिचे समर्थकच मोठ्या अभिमानाने सांगतात. मध्ययुगीन युरोपातल्या सात विद्यांमध्ये तर्कशास्त्राच्या जोडीला भूमिती आणि खगोलशास्त्र होतं, हे खरं. पण आजचा ‘प्रत्येक गटातून थोडं थोडं’ हा साचा विसाव्या शतकातला. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष असलेल्या चार्ल्स एलियट यांनी जुना सक्तीचा अभ्यासक्रम मोडून जवळजवळ सगळं ऐच्छिक केलं. मुलं वाटेल ते वेचू लागली. त्यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी लगाम घातला: एका विषयात खोली आणि बाकीच्या गटांत ठरावीक वाटणी. कोलंबियाचा प्रसिद्ध सामायिक अभ्यासक्रम १९१९ मध्ये सुरू झाला, तो पहिल्या महायुद्धाच्या सावलीत. म्हणजे गटवार वाटणीच्या अटी आल्या त्या अतिस्वातंत्र्यावरचा उपाय म्हणून.

तो उपाय पुरता लागू पडला असं मला वाटत नाही. गटवार यादी समोर ठेवली की मुलं सोपा कोर्स हुंगून काढतात. भूगर्भशास्त्राच्या प्राथमिक कोर्सला अमेरिकी विद्यार्थ्यांनी ‘रॉक्स फॉर जॉक्स’ असं नाव दिलंय, म्हणजे खेळाडू पोरांसाठी दगडधोंडे. तीन गटांतले तीन-तीन कोर्स पूर्ण झाले म्हणून ते एकमेकांशी बोलू लागतात असं नाही. इथे चांगला ॲडव्हायझर मिळाला तर फरक पडतो. नाही तर नुसतं रकाने भरणं होतं. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला आलेल्या ओपन इलेक्टिव्हबद्दल विद्यार्थी जे कुरकुरतात, ते याहून फार वेगळं नाही.

राहिल्या दोन व्यावहारिक गोष्टी. शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या एपी परीक्षेत चांगले गुण असले की या अटींतून सुटका होते, हे गृहीत धरू नका. अनेक नामांकित छोटी कॉलेजं त्या गुणांवर वरच्या पातळीच्या वर्गात बसू देतात, पण गटवार अटीतला कोर्स कमी करत नाहीत. पास-फेल पद्धतीने घेतलेला कोर्स अटीत धरतात का, हेही आधी विचारलेलं बरं.

दुसरी गोष्ट पदवीच्या नावाची. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टमध्ये फिजिक्स शिकलं तरी पदवी बी.ए. असते. मग शिक्षणानंतर अमेरिकेत नोकरीसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी ‘स्टेम’ मुदतवाढ हुकणार, अशी धास्ती अनेकांना असते. सध्याच्या नियमांत नोकरीच्या नेहमीच्या बारा महिन्यांच्या परवानगीवर मिळणारे जादा २४ महिने बी.ए. की बी.एस. यावर ठरत नाहीत. ते ठरतात मेजरला लावलेल्या सरकारी वर्गीकरणाच्या कोडवर. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स त्यात येतात. अर्थशास्त्राचं मात्र कॉलेजागणिक बदलतं: साध्या अर्थशास्त्राचा कोड या यादीत नाही, इकॉनॉमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्राचा आहे. आपल्या कॉलेजात कोणता लावलाय, ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात एक ईमेल टाकून प्रवेशाआधीच विचारून घेता येतं.