पिस्तुलावरील विजेरी

जबलपूर शहरातील अधारताल ही वस्ती राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तलावामुळे ओळखली जाते. खमरियाचा दारूगोळा कारखाना येथून फार दूर नाही. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखानाही याच शहरात आहे. पाळीने काम करणाऱ्या अशा वस्तीत मध्यरात्री दाराची कडी वाजणे किंवा ओसरीवर पावले ऐकू येणे यात नवल नसते. येणारा माणूस बहुधा घरातलाच असतो. पिस्तुलाला जोडावयाच्या विजेरीचा विचार करताना ही साधी गोष्ट सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

ही विजेरी पिस्तुलाच्या नळीखालील खाचेत बसविली जाते. तिचा उद्देश एकच : ज्याच्यावर शस्त्र रोखले आहे तो कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे अंधारात ओळखता यावे. परंतु हातातील विजेरी आणि ही विजेरी यांत एक मूलभूत भेद आहे. हातातील विजेरीने आपण केवळ पाहतो. पिस्तुलावरील विजेरीचा झोत आणि नळी यांची दिशा मात्र एकच असते. म्हणून तिने एखाद्या वस्तूकडे पाहणे म्हणजे त्या वस्तूवर नेम धरणे होय. कपाटामागे मांजर शिरले की काय हे पाहण्यासाठी झोत फिरविणारा मनुष्य वाटेतल्या अंथरुणावरून भरलेले पिस्तूल फिरवीत असतो, आणि त्या अंथरुणात मूल निजलेले असू शकते.

यावरून पहिला नियम निघतो. शोध घेण्यासाठी वेगळी विजेरी जवळ असावी आणि तिचा उपयोग होत असताना पिस्तूल जागेवरच राहावे. त्याआधी भिंतीवरील दिव्याचे बटण दाबावे, मोठ्याने हाक मारून नाव विचारावे. या दोन उपायांनी बहुतेक प्रसंग तेथेच मिटतात.

दुसरा धोका बोटांचा आहे. २०१० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, प्लेनो येथे, एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने एक मनुष्य मृत्युमुखी पडला. आपण विजेरीचे बटण दाबावयास गेलो आणि चाप ओढला गेला, असे त्या अधिकाऱ्याचे म्हणणे होते. यात शरीराच्या रचनेचाही भाग आहे. एका हाताची मूठ जोराने आवळली असता किंवा मनुष्य अचानक दचकला असता दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आखडतात. यासाठी पिस्तूल धरलेल्या हाताची तर्जनी चापाभोवतीच्या कड्याबाहेर, नळीच्या समांतर सरळ ठेवावी आणि विजेरीचे बटण दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच दाबावे.

लहान आकाराच्या पिस्तुलात ही काळजी अधिकच लागते. नळी आखूड असल्यामुळे विजेरी चापाच्या अगदी निकट येते आणि बटण व चाप यांत फारसे अंतर उरत नाही. उलट पुढे सरकलेला अंगठा नळीच्या तोंडासमोर येण्याचा संभव असतो.

विजेरी बसविताना, काढताना किंवा तिचे सेल बदलताना शस्त्र पूर्णपणे रिकामे असावे. प्रथम मॅगझिन बाहेर काढावे, नंतर नळीच्या मागील कोठ्यातील काडतूस काढावे, आणि कोठा डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. गोळीबाराच्या धक्क्यांनी विजेरीचा स्क्रू सैल होतो व तिच्या काचेवर काजळी धरते. तेव्हा दोन्हींची तपासणी नियमाने करावी. विजेरी जोडल्यावर जुने होल्स्टर चालत नाही. त्या विजेरीच्याच मापाचे व चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर घ्यावे, कारण सैल तोंडातून सदऱ्याचे टोक आत शिरून चापात अडकू शकते.

कायद्यानेही ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु दाराशी उभा असलेला आपला मुलगाच होता हे गोळी सुटल्यानंतर कळले, तर त्यापुढे कोणत्याही शिक्षेचे मोजमाप अपुरे पडते. प्रकाशाने मनुष्य ओळखावा, आणि तो ओळखण्यापूर्वी नळी त्याच्याकडे वळू नये, हेच या सर्व नियमांचे सार होय.