एकशे नव्व्याण्णवावी वाट

दहा हजार जणांना दुसऱ्या टोकाच्या दहा हजार जणांशी जोडायचं आहे. कोणालाही, कोणाशीही, हव्या त्या क्षणी. सरळ उपाय म्हणजे आडव्या-उभ्या तारांची जाळी मांडायची आणि प्रत्येक छेदावर एक जोड बसवायचा. म्हणजे 10 कोटी जोड! आणि एका वेळी कामात फार तर 10 हजार.

बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लो यांनी 1953 साली हा डोंगर हलवला. त्यांनी एका अवाढव्य जाळीऐवजी छोट्या स्विचांचे तीन थर मांडले. आपल्या उदाहरणात पहिल्या थरात 100 स्विच, प्रत्येकाकडे 100 ग्राहक. शेवटच्या थरात तसंच. मधल्या थरात किती स्विच ठेवले, तर चालू असलेला एकही कॉल न हलवता नव्या कॉलला हमखास वाट मिळेल? सगळ्यात वाईट परिस्थिती धरा. माझ्या स्विचवरचे बाकीचे 99 जण बोलताहेत. त्यांनी मधले 99 स्विच अडवले. पलीकडच्या स्विचवरचेही 99 जण बोलताहेत, आणि त्यांनी नेमके वेगळेच 99 अडवले. झाले 198. मग 199वा मोकळाच असणार! एवढीच सिद्धता. मला ती आजही थक्क करते. जोडांची संख्या 10 कोटींवरून 59 लाख 70 हजारांवर येते. ही रचना जुन्या टेलिफोनबरोबर संपली नाही. गूगलने 2015 साली आपल्या डेटा सेंटरमधल्या जाळ्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या मुळाशी क्लो यांचीच मांडणी होती.

पण व्हिडिओचं दुखणं वेगळं. फोन एकाचा एकाला. एक सामना मात्र हजारो घरांत एकाच वेळी हवा असतो. मग प्रती काढायच्या कुठे? टोनी ली यांनी 1988 साली सुचवलेल्या जाळ्यात आधी प्रती निघतात, मग त्या पत्त्यांवर रवाना होतात. प्रती काढायला पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याच्या, माथ्यावरचे दोन आकडे पुरतात: कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत प्रती हव्यात. वाटेतला प्रत्येक इवलासा स्विच या दोन आकड्यांतला आपल्या पाळीचा एकेक बिट पाहतो. दोन्ही बिट सारखे असतील, तर पॅकेट त्याच बाजूला जातं. वेगळे असतील, तर पॅकेटच्या दोन प्रती होतात आणि क्रमांकांचा पट्टाही दोघींत वाटला जातो. असे दहा टप्पे, की एका पॅकेटची 1024 पर्यंत पॅकेटं होतात. आणि ग्राहकांची पूर्ण यादी त्या वाटेवरच्या एकाही स्विचला ठाऊक नसते.