पर्यटकांवाचून नांदणारे पोलादनगर भिलाई

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरच्या पूर्वेस, रायपूरच्या अलीकडे, छत्तीसगडमधील भिलाई हे शहर आहे. येथे समुद्रकिनारा नाही, प्राचीन लेणी नाहीत आणि थंड हवाही नाही. केवळ पाहण्यासाठी म्हणून येथे उतरणारे प्रवासी विरळाच. तरीही २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाई नागरी समूहाची लोकसंख्या १० लाखांहून अधिक होती. शहराचा चरितार्थ पाहुण्यांवर चालत नाही, तो पोलादावर चालतो.

या गोष्टीचे महत्त्व आज अधिक जाणवते. स्पेनच्या मायोर्का बेटावर २०२४ मध्ये हजारो रहिवासी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. घरांची भाडी आवाक्याबाहेर गेल्याची त्यांची तक्रार होती. त्याच बेटावर, किनाऱ्यापासून दूर असलेले इंका हे गाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या आणि पादत्राणांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. ‘कॅम्पर’ ही जगप्रसिद्ध पादत्राण कंपनी १९७५ मध्ये तेथेच सुरू झाली. पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही असण्यापेक्षा जगाला विकण्यासारखे काही असणे गावाला अधिक स्थैर्य देते, असे यावरून दिसते. भिलाईने हाच मार्ग फार मोठ्या प्रमाणावर अनुसरला.

भातशेतीच्या प्रदेशात भट्टी

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सार्वजनिक क्षेत्रात तीन मोठे पोलाद कारखाने उभारण्यात आले. राउरकेला येथे जर्मनीचे, दुर्गापूर येथे ब्रिटनचे आणि भिलाई येथे सोव्हिएत संघाचे साहाय्य घेण्यात आले. भिलाईचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

जागेची निवड हिशेबाने झाली होती. लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथे होते, चुनखडी जवळच्या नंदिनी येथे आणि डोलोमाइट बिलासपूरकडील हिर्री येथे. तांदुला धरणाचे पाणी होते आणि देशाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग दारातून जात होता. आरंभी १० लाख टन असलेली वार्षिक क्षमता पुढे २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांवर नेण्यात आली. आधुनिकीकरण आणि विस्तारानंतरचा प्रकल्प जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

भारतीय रेल्वेच्या रुळांचा मुख्य पुरवठादार ही या कारखान्याची अनेक दशकांची ओळख आहे. मुंबईकर असो वा कोलकात्याचा रहिवासी, भिलाई न पाहताही तो भिलाईच्या पोलादावरून रोज प्रवास करत असतो. विमानवाहू नौका ‘विक्रांत’साठीही येथील पोलाद वापरले गेले.

वेतनातून उभे राहिलेले शहर

कारखान्यासोबत सेक्टरवार आखलेली वसाहत, शाळा, रुग्णालय आणि उद्याने आली. देशाच्या सर्व भागांतून कामगार व अभियंते येथे स्थायिक झाले. त्यामुळे भिलाईला ‘लघुभारत’ म्हटले जाते. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. पर्यटनाच्या गावी हंगाम सरला की उत्पन्न आटते. येथे दरमहा मिळणाऱ्या वेतनावर बाजारपेठ, पूरक उद्योग आणि शिकवणी वर्ग उभे राहिले. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये साकारलेली मैत्री बाग आणि तेथील पांढरे वाघ हे शहराचे आकर्षण खरे, पण त्याचा आनंद प्रामुख्याने परिसरातील कुटुंबेच घेतात.

पंडवानी गायिका तीजनबाई या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. २०१९ मध्ये पद्मविभूषणाने गौरवल्या गेलेल्या या कलावतीला भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली होती. कारखान्याने केवळ रूळ घडवले नाहीत, याची ही साक्ष आहे.

समृद्धीचा वाटा कोणाला?

मात्र हे चित्र सर्वांसाठी सारखे नव्हते. कायम कामगाराला घर, औषधोपचार आणि निवृत्तिवेतन मिळे. खाणींतील आणि खासगी उद्योगांतील कंत्राटी मजूर त्यापासून वंचित राहत. शंकर गुहा नियोगी यांनी या मजुरांची संघटना बांधली. दल्ली-राजहरा येथे कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी लोहमार्गावर धरणे धरून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेकांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आतही धोका आहेच. २०१४ ची वायुगळती आणि २०१८ मधील वायुवाहिनीचा स्फोट यांत कर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले.

एकाच आधाराचे भय

पर्यटनावर अवलंबून न राहणे म्हणजे परावलंबन संपणे नव्हे. दल्ली-राजहऱ्याच्या जुन्या खाणींतील साठा घटत गेला. म्हणून बस्तरच्या दिशेने रावघाटच्या खाणी व तेथपर्यंतचा लोहमार्ग यांवर कारखान्याचे भवितव्य अवलंबून राहिले. माओवादी हिंसाचार, वनजमीन आणि आदिवासींचे हक्क या प्रश्नांमुळे हे काम अनेक वर्षे रेंगाळले. २०२२ मध्ये तेथील खनिज भिलाईकडे येऊ लागले. दुसरीकडे, यंत्रांच्या आधुनिकीकरणाबरोबर कायम नोकऱ्यांची संख्या घटत गेली. वडिलांच्या जागी मुलगा कारखान्यात जाईल, ही पूर्वीची खात्री उरली नाही.

यावर शहराने शोधलेले उत्तर म्हणजे शिक्षण. कामगारांच्या मुलांनी अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांत मिळवलेल्या यशामुळे भिलाईचे नाव मध्य भारतात गाजले. २०१६ मध्ये भिलाई आयआयटीची स्थापना झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील तिचा कायमस्वरूपी परिसर राष्ट्राला अर्पण करण्यात आला. शिकलेली ही मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशाची वाट धरतात, ही मात्र येथील पालकांची नित्याची खंत आहे.

पाहुण्यांची वाट न पाहता शहर समृद्ध होऊ शकते, हे भिलाईने सहा दशकांहून अधिक काळ सिद्ध केले आहे. आपल्याच मुलांना येथे थांबावेसे वाटेल असा दुसरा आधार उभा करणे, हे आता या शहरापुढील खरे आव्हान आहे.