दहा सेकंदांची भाजणी

कांदा-लसूण मसाल्याचा आमचा व्यवसाय सासूबाईंनी कऱ्हाडला घराच्या परसात सुरू केला. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही, की भाजणीत बिघडलेला मसाला कांडपात सुधारत नाही. धने जरा करपले, की मग कितीही चांगली मिरची घाला, करपट वास जात नाही. मोशन डिझाइन स्टुडिओकडून काम करून घेताना हाच धडा मी नव्याने शिकले. आज आमच्यासारखे अनेक छोटे उत्पादक आणि वेबसिरीज करणारी तरुण मंडळी असे स्टुडिओ शोधत असतात. त्यांच्यासाठी हा अनुभव.

मोशन डिझाइन म्हणजे अक्षरं, चित्रं, बोधचिन्हं यांना हालचाल आणि आवाज देण्याचं काम. मालिकेची शीर्षकं, पाहुण्याच्या नावाची पडद्याखालची पट्टी, जाहिरातीच्या शेवटी उमटणारं नाव, हे सगळं त्यात येतं. माझ्या पिढीला त्याची ओळख दूरदर्शनने करून दिली. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेलं चिन्ह, त्याला आर. एल. मिस्त्री यांनी दिलेली गती आणि पंडित रविशंकरांची धून. आकार फिरत फिरत जुळून यायचे आणि थांबायचे, एवढंच. पण शेजारच्या घरातून नुसती ती धून ऐकू आली, तरी डोळ्यांपुढे चिन्ह उभं राहायचं.

पहिल्या वेळी मी स्टुडिओ निवडला तो त्याच्या शोरीलवर भाळून. शोरील म्हणजे जुन्या कामांतले निवडक तुकडे जोडून केलेली छोटी फिल्म. तिच्यात मोटारी होत्या, चॅनेलची चिन्हं होती, सोनेरी धूळ होती. आम्ही चार ओळींचा निरोप पाठवला, की दहा सेकंदांचं काहीतरी भारी हवं. त्यांनी सेकंदाचा दर सांगितला, आम्ही आगाऊ रक्कम भरली. दोन महिन्यांनी थेट तयार कामच हातात आलं. सोनेरी धुळीतून अक्षरं उडत येत होती आणि आमच्या नावातला ‘कऱ्हाडी’ हा शब्द ‘कर्हाडी’ झाला होता. ‘र’ चा रफार होऊन तो ‘ह’ च्या डोक्यावर जाऊन बसला होता. ‘मसाला’तला ‘ल’ हिंदी वळणाचा होता. ‘कांदा’वरचा अनुस्वार अक्षराच्या मागून एकटाच येत होता.

असं का होतं, ते मला नंतर कळलं. इंग्रजी शब्दाची अक्षरं सुटी करून एकेक हलवता येतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर आणि वरची शिरोरेषा मिळून अक्षर उभं राहतं. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी निवडली नाही किंवा शब्दाचे तुकडे आंधळेपणाने केले, तर अक्षर मोडतं. मराठी वाचणारा माणूस स्टुडिओत नसेल, तर मोडलेलं कुणाला दिसतही नाही. म्हणून आता मी स्टुडिओला सर्वांत आधी हेच विचारते, की देवनागरी तुमच्याकडे कोण तपासतं?

दुरुस्तीला वेगळे पैसे आणि आणखी तीन आठवडे लागतील, असं त्या पहिल्या स्टुडिओने कळवलं. राग आला, पण त्यामागे कारण होतं. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ चित्रं लागतात. दहा सेकंद म्हणजे २५० चित्रं. त्यात प्रकाश, सावल्या, धूळ असेल, तर प्रत्येक चित्र संगणकाला नव्याने तयार करावं लागतं. चूक कागदावर सापडली असती, तर खोडरबराने मिटली असती. आम्ही मात्र कागद पाहायला मागितलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी पुण्यातल्या चौघांच्या स्टुडिओकडे गेलो. तो चालवणाऱ्या मुलीने आधी विचारलं, “काकू, हे लोक कुठे पाहणार? टीव्हीवर, दुकानातल्या पडद्यावर, की फोनवर आवाज बंद ठेवून?” एवढा विचार मी केलाच नव्हता. मग ती एक दिवस कारखान्यात येऊन बसली. खोबरं कधी लाल होतं ते पाहिलं, कांडपयंत्राचा आवाज टिपला, सासूबाईंचा जुना लोखंडी खल हातात घेऊन पाहिला. मगच तिने दरपत्रक पाठवलं. त्यात सेकंदाचा दर नव्हता. कल्पना, स्टोरीबोर्ड, स्टाइल फ्रेम, अ‍ॅनिमेशन, आवाज आणि वेगवेगळ्या मापांच्या आवृत्त्या, असं प्रत्येक टप्प्याचं काम आणि पैसे वेगळे मांडले होते. प्रत्येक टप्प्यावर आमची सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नव्हतं, आणि एका टप्प्यावर दोनदा बदल सुचवायची मुभा होती.

स्टोरीबोर्ड म्हणजे पेन्सिलीने काढलेला गोष्टीचा क्रम. स्टाइल फ्रेम म्हणजे अंतिम रूप कसं दिसेल ते सांगणारी दोन-तीन पूर्ण चित्रं. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे तीच कच्ची चित्रं आवाजाबरोबर, ठरलेल्या वेळेत पळवलेली. ही आमच्या धंद्यातली भाजणी. इथे घाई करू नये.

शोरील पाहूच नये, असं मी म्हणत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप महिन्याहून अधिक काळ एकेका चित्राने टिपलं आणि मिनिटभरात उगवताना दाखवलं. ते पाहून त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळालं. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं काम पुढे ठेवलं होतं. शोरीलमधल्या प्रत्येक तुकड्याबद्दल तेच विचारावं, की यात तुम्ही नेमकं काय केलं, आणि ती माणसं अजून तुमच्याकडे आहेत का?

पुढे माझ्या भाच्याने गावोगावच्या स्वयंपाकघरांवर सहा भागांची मालिका केली, तेव्हा याच स्टुडिओला बोलावलं. ते काम निराळं होतं. जाहिरातीला नाव लक्षात राहावं लागतं, मालिकेला प्रत्येक भागाच्या दारात तोच सूर लावावा लागतो. अमेरिकी डिझायनर सॉल बास यांनी १९५५ मध्ये ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ची शीर्षकं कापलेल्या कागदासारख्या आकारांतून उभी केली, तेव्हा चित्रपटाच्या डब्यांवर सूचना होती, की शीर्षकं सुरू होण्याआधी पडदा उघडावा. शीर्षकांपासूनच गोष्ट सुरू होते, हे त्यातून कळतं. भाच्याला शीर्षकांसोबत नावाच्या पट्ट्या, दोन प्रसंगांमधले छोटे दुवे आणि शेवटची नामावली असा सगळा संच हवा होता. नामावली कामाच्या आधी दोघांनी वाचून सही केली. एखाद्या बाईचं आडनाव चुकलं, तर तो तिचा अपमान असतो.

करार मात्र लेखीच हवा. कोणत्या मापांच्या फाइल्स मिळणार, आडव्या आणि फोनसाठी उभ्या. पारदर्शक पार्श्वभूमीची प्रत, संगीताविना प्रत आणि मूळ प्रोजेक्ट फाइल्स मिळणार का. फॉन्ट आणि संगीताचा परवाना कुणाच्या नावावर, हे त्यात यावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमचा मसाला दुबईलाही जातो. ती एक ओळ लिहून घेतली नसती, तर पुढे अडलो असतो.

आमच्या जाहिरातीचं अ‍ॅनिमॅटिक आलं त्या दिवशी ते सासूबाईंना दाखवलं. काळा खल, वरून पडणारी एक मिरची, बत्त्याचे दोन ठोके, मग नाव. त्यांनी ते तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “दुसरा ठोका फार लवकर पडतोय. हात वर जायला वेळ लागतो.” स्टुडिओच्या मुलीने तिथेच लॅपटॉपवर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढवलं. दहा मिनिटांचं काम होतं. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. आज जाहिरात लागते तेव्हा पहिल्या ठोक्यानंतर क्षणभर शांतता असते. त्या शांततेत त्यांचा हात वर जातो.