विश्लेषण : झोपलेल्या बाळाला रात्री उठवून दूध का पाजायचे?

‘झोपलंय बाळ, उठवू नकोस,’ असे घरातील मोठी माणसे सांगतात. पण २.५ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो. मधुमेही आईच्या बाळात जन्मानंतर इन्सुलिन जास्त असू शकते. अशा बाळांच्या रक्तातील साखर पहिल्या काही दिवसांत झटकन घटू शकते. म्हणून रात्रीही दर २ ते ३ तासांनी उठवून अंगावर पाजावे. मध, साखरपाणी देऊ नये.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त किंवा थंड पडले, थरथरू लागले, झटके आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तातून साखर लगेच तपासता येते. वजन नीट वाढू लागले, की रात्री उठवणे कधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारावे.