कोळशावर धावणारी मोटार

जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले म्हणजे त्यांच्या गप्पा कशावर रंगतात, ठाऊक आहे? रंगावर नाही, चकचकीत दिव्यांवर तर नाहीच. कुणी सांगतो, 'माझ्या गाडीच्या सांगाड्यावर पाठीमागच्या बाजूला चार भोके आहेत. कारखान्याच्या चित्रात ती नाहीत. ती आली कुठून?' मग दुसरा विचारतो, 'गाडी १९४० च्या आधीची आहे का? पुढे कार्ब्युरेटरजवळच्या नळीला एखादा फाटा फुटलेला दिसतो का?' दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ही गाडी एके काळी कोळशावर धावली असण्याचा संभव बराच वाढतो!

कोळशावर म्हणजे आगगाडीसारखी वाफेवर नव्हे. इंजिन तेच, पेट्रोलचे. फक्त पेट्रोलच्या वाफेऐवजी त्याला कोळशापासून केलेला वायू पाजला जाई. या वायूला 'प्रोड्यूसर गॅस' म्हणतात.

हा खटाटोप करायची वेळ आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून आपल्याकडे येणारे तेल बंद झाले. होते ते पेट्रोल सैन्याला हवे होते. सामान्य माणसाला ते मोजूनमापून मिळू लागले. तेव्हा देशात अनेक ठिकाणी मोटारगाड्यांच्या पाठीशी पाण्याच्या बंबासारखी उंच लोखंडी पिंपे दिसू लागली. आपण एकटेच नव्हतो. जॉर्ज इंबेर या अभियंत्याने १९२० च्या दशकात लाकडावर चालणारी अशी भट्टी तयार केली होती आणि युद्ध संपेपर्यंत एकट्या जर्मनीत सुमारे पाच लाख वाहने लाकूड-कोळशाच्या वायूवर चालत होती.

आता या बंबात काय घडे ते पाहू. तळाशी कोळसा पेटलेला असे. तेथे हवा शिरली की कोळशातील कार्बनचा प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड तयार होई आणि पुष्कळ उष्णता बाहेर पडे. तपमान हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाई. हा कार्बन डाय-ऑक्साइड पुढच्या लालभडक कोळशाच्या थरातून जाताना आणखी एक कार्बनचा अणू उचली, आणि एका रेणूचे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होत. कोळशातील ओलाव्याची वाफही निखाऱ्यांतून जाताना फुटे आणि हायड्रोजन देई. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन्ही ज्वलनशील. हा वायू गाळणीतून धूळ टाकून, लांब नळ्यांतून थंड होऊन इंजिनाकडे जाई. तेथे त्यात हवा मिसळली, ठिणगी पडली, की दट्ट्या ढकलला जाई.

तुम्ही म्हणाल, छान झाले की! मग पेट्रोल हवेच कशाला?

अडचण अशी, की हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो. तो जळत नाही, पण बंबातून वायूबरोबर येतोच. प्रोड्यूसर गॅसमध्ये निम्मा भाग तर नुसता नायट्रोजन! त्यामुळे गाडीची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, प्रसंगी धक्काही द्यायचा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी क्लीनरने हाताने पंखा फिरवून बंब चेतवायचा. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हे विष. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. बंद जागेत असा बंब पेटवणे म्हणजे मृत्यूला बोलावणेच. म्हणून हा प्रयोग घरी मुळीच करून पाहू नका.

ब्रह्मपुरीच्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याला येथे प्रश्न पडेल : आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस अशा दगडी कोळशाच्या खाणी. मग दगडी कोळसाच का नाही घालायचा? प्रश्न अगदी योग्य आहे. पण आपल्याकडचा दगडी कोळसा तापला की त्यातून डांबरासारखा चिकट पदार्थ निघतो. तो इंजिनाच्या झडपांना चिकटला की गाडी बसलीच. शिवाय त्यात राखही फार. लोणारी कोळसा मात्र आधीच भट्टीतून निघालेला असतो. लाकडातील ओल आणि डांबर भट्टीतच उडून गेलेले, मागे राहतो तो बहुतांश कार्बन. म्हणून पसंती लोणारी कोळशाला.

आणि लोणारी कोळसा येतो जंगलातून. चला, थोडा हिशेब करू. ब्रह्मपुरीहून नागभीडमार्गे नागपूर सुमारे १२० किलोमीटर. लिटरला ४ किलोमीटर जाणारी बस धरली, तर पेट्रोल लागेल ३० लिटर. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण दीड किलो कोळसा, म्हणजे ४५ किलो. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला सुमारे पाच किलो लाकूड लागते. म्हणजे एका बसच्या एका फेरीला, जातानाचेच, सव्वादोनशे किलो लाकूड! रोज जाऊन-येऊन एक बस धरली, तर वर्षाला किती होईल, ते तुम्हीच काढा. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागताच हे बंब भंगारात गेले याचे आश्चर्य वाटायला नको.

तत्त्व मात्र भंगारात गेले नाही. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. या तुसापासून असाच वायू करून २००७ पासून बिहारमध्ये काही खेड्यांना वीज पुरवण्यात आली. ब्रह्मपुरीचा परिसर धानाचा, तेव्हा तुसाची ओळख तुम्हांला करून द्यायला नकोच.

आता त्या चार भोकांकडे परत येऊ. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यापुढे येथे मोठा पेच असतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. मूळ स्वरूप म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. मग भोके बुजवायची? बुजवली, तर गाडी देखणी होईल, पण पेट्रोलविना काढलेल्या त्या वर्षांचा एकमेव पुरावा वेल्डिंगखाली जाईल. ठेवली, तर पाहणारा म्हणेल, काम अर्धवट राहिले. जाणती मंडळी यावर एक मध्यम मार्ग काढतात. हात लावण्यापूर्वी प्रत्येक भोकाचे माप घ्यायचे, आकृती काढायची, छायाचित्र काढायचे, आणि ती माहिती इतरांना कळवायची. दुसऱ्या गावच्या गाडीवर तेवढ्याच अंतरावर भोके सापडली, तर दोन्ही बंब एकाच पद्धतीचे होते असे अनुमान निघते. एका गाडीवरची भोके हा योगायोग असू शकतो, पाच गाड्यांवरची तीच मापे हा पुरावा ठरतो. विज्ञानात निरीक्षणे ताडून पाहतात ती अशीच.

तुम्हांलाही हे करता येईल. एखाद्या वाड्याच्या पडवीत, राइस मिलच्या मागे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी गाडी दिसली, तर मालकाची परवानगी घेऊन पाहा. गंज खरवडू नका, काही ओढू नका. सांगाड्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. भोके, कापलेला पत्रा, ज्याचा उपयोग कळत नाही असा नळीचा फाटा, हे मापासह वहीत नोंदवा. घरी नव्वदीच्या घरातले पणजोबा-पणजी असतील, तर कोळशाच्या मोटारीत बसल्याचे आठवते का, असे विचारा. वहीत मात्र दोन रकाने ठेवा : एक 'स्वतः पाहिले' आणि दुसरा 'ऐकले'. दोन्ही मोलाचे आहेत, पण त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.